पोते निघाले, घरी पोहोचले का?

बँकेच्या कोणत्याही शाखेत वर्षाचे उद्दिष्ट ठळक अक्षरांत मांडलेले असते. त्याच शाखेत रोज अनेक लहानमोठी कामे चालू असतात. कोणी वारसनोंद नसलेल्या खात्यांची यादी करतो, कोणी बचत गटाची बैठक घेतो, कोणी पासबुक छपाईच्या यंत्रापाशी उभा असतो. ही कामे मनापासून होतात. परंतु त्या मोठ्या आकड्याशी त्यांचे नाते कोणते, असे विचारले तर पुष्कळदा उत्तर सापडत नाही. हे नाते कसे जुळवावे, याचा एक बोधप्रद धडा आपल्या रायपूर नगरीत पाहावयास मिळतो. तो बँकेचा नाही, शिधावाटपाचा आहे.

भाताच्या कोठारातील गळती

छत्तीसगड हे भाताचे कोठार म्हणून ओळखले जाते. १ नोव्हेंबर २००० रोजी हे राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर त्याची राजधानी झाली. मात्र कोठार भरलेले असूनही गरिबांच्या घरचे मडके रिकामेच राहत होते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००४-०५ च्या आकड्यांवरून अर्थतज्ज्ञांनी अंदाज बांधला, तेव्हा शिधावाटपासाठी उचललेल्या धान्यापैकी निम्मे धान्य कुटुंबांपर्यंत पोहोचतच नसल्याचे दिसून आले. गोदामाच्या वहीत पोती निघाल्याची नोंद चोख होती. चुलीपर्यंतचा हिशेब मात्र लागत नव्हता.

लहान कामे, एक सूत्र

२००४ मध्ये राज्याने नवा नियंत्रण आदेश काढला. खासगी दुकानदारांकडील स्वस्त धान्य दुकाने ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि महिला बचत गट यांच्याकडे सोपविण्यात आली. दुकान प्रामाणिकपणे चालविणाऱ्यालाही ते परवडले पाहिजे, म्हणून क्विंटलमागे ८ रुपये असलेले कमिशन ३० रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. धान्य थेट दुकानाच्या दारी पोहोचविण्याची व्यवस्था झाली. त्यासाठीचे ट्रक पिवळ्या रंगाने रंगविले गेले, जेणेकरून तो भलत्या रस्त्यावर दिसताच कोणालाही ओळखता यावा. २००७ पासून भातखरेदीपासून वितरणापर्यंतच्या व्यवहारांचे संगणकीकरण झाले आणि ट्रक निघाल्याचा लघुसंदेश नोंदणी केलेल्या नागरिकांच्या मोबाईलवर जाऊ लागला.

यांतील प्रत्येक काम वेगळ्या चमूचे होते. रंगकाम करणारा, संगणकावर नोंद करणारा आणि बचत गटाची अध्यक्षा यांची एकमेकांशी गाठ पडण्याचे कारण नव्हते. तरीही सर्वांच्या कामाची कसोटी एकच होती: धान्य घरी पोहोचले का? २००९-१० च्या पाहणीवरून काढलेल्या अंदाजात गळतीचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवर आले होते. या आकड्यामागे कितीतरी घरांतील रोजचा भात होता, हे विसरता कामा नये.

बँकेकडून घेतलेली कल्पना

२०१२ मध्ये रायपूर शहरात ‘कोअर पीडीएस’ योजना सुरू झाली. नाव ऐकताच आपणास कोअर बँकिंगची आठवण होईल, आणि ते योग्यच आहे. कोअर बँकिंगमुळे खातेदार एका शाखेचा न राहता संपूर्ण बँकेचा झाला. तसाच शिधापत्रिकाधारक एका दुकानाशी बांधलेला न राहता आपल्या पसंतीच्या दुकानातून धान्य घेऊ लागला. ज्या दुकानाची वागणूक बरी नाही, तिथले ग्राहक दुसरीकडे वळले. सेवेचे मोजमाप ग्राहकाच्या पावलांनीच होऊ लागले.

मोजमापाची मर्यादा

या कथेला दुसरी बाजूही आहे. २०१५ मध्ये राज्याच्या नागरी पुरवठा महामंडळावर छापे पडले आणि तांदळाच्या दर्जाविषयी गंभीर आरोप झाले. यातून बोध असा की, पोत्यांची संख्या मोजणारा आकडा पोत्यातील तांदूळ कसा आहे हे सांगत नाही. एकाच मापावर विसंबणाऱ्याची दृष्टी त्या मापापुरतीच राहते.

आपल्या शाखेसाठी

आता वारसनोंदीच्या यादीकडे परत वळू. ‘यादी पूर्ण’ ही गोदामाच्या वहीतील नोंद झाली. यादीतील किती खात्यांत प्रत्यक्ष वारसनोंद झाली, हे चुलीपर्यंतचे माप होय. दहा वर्षे हक्क न सांगितलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा होतात; पुढे त्या परत मिळविता येतात, पण त्यासाठी कुटुंबाला मोठी धावपळ करावी लागते. वारसनोंद असली की हे कष्ट बहुधा टळतात आणि ठेवी शाखेतच टिकण्याची शक्यताही वाढते. तेव्हा एखाद्या चमूने काम हाती घेताना तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: हे काम कोणत्या उद्दिष्टासाठी आहे, आज तो आकडा किती आहे आणि तीन महिन्यांनी तो कोण मोजणार आहे. त्याशेजारी दर्जाचे एक माप ठेवावे. उदाहरणार्थ, नोंदी अचूक आहेत का. तिन्हींपैकी एकाचेही उत्तर मिळत नसेल, तर ते काम पुन्हा तपासून पाहणे इष्ट.

ग्राहक बंधुभगिनींनीही यात आपला वाटा उचलावा. पुढच्या खेपेस शाखेत याल तेव्हा आपल्या खात्यात वारसनोंद आहे का, हे अवश्य विचारा. आपण विचारलेला तो प्रश्न हेच आमच्या कामाचे खरे मोजमाप ठरेल.