स्वस्त चाचणी म्हणजे किफायतशीर चाचणी?

आरोग्यावरचा कोणता खर्च किफायतशीर ठरतो, हे तपासणाऱ्या संशोधनाबद्दल एक समज फार घट्ट रुजला आहे: हे संशोधन म्हणजे काटकसर, सर्वांत स्वस्त पर्याय शोधून काढायचा आणि तोच लोकांच्या माथी मारायचा. वस्तुस्थिती वेगळी आहे, आणि ती समजून घ्यायला मराठवाड्यातले एक उदाहरण पुरेसे आहे.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वतपासणी कोणत्या चाचणीने करावी, हे पाहण्यासाठी १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा मेमोरिअल, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि ल्योनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या. गावांचे ५२ समूह केले, त्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. एका गटाला एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पॅप चाचणी, तिसऱ्याला ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी. चौथ्या गटात नेहमीचीच आरोग्यसेवा. (चौथ्या गटाला तपासणी न देण्यावर पुढे नैतिक वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.)

तिन्हींत आम्लाची तपासणी सर्वांत स्वस्त. तिला प्रयोगशाळा लागत नाही, निकाल काही मिनिटांत मिळतो. एचपीव्ही चाचणी सर्वांत महाग. आठ वर्षांनंतर पाहिले तेव्हा चौथ्या गटात या कर्करोगाने ६४ स्त्रियांचा मृत्यू झाला होता, एचपीव्ही गटात ३४ जणींचा. मृत्यूंमध्ये ठाम म्हणता येईल अशी घट फक्त या महाग चाचणीच्या गटात दिसली. म्हणून ‘चाचणी कितीला पडते’ हा प्रश्न अपुरा आहे. खरा प्रश्न असा: दुसऱ्या पर्यायापेक्षा जास्तीचे किती रुपये लागतात, आणि त्या जास्तीच्या रुपयांत जास्तीचे किती आयुष्य हाती लागते?

मग स्वस्त तपासणी निरुपयोगी ठरली का? तसेही नाही. धाराशिवमध्ये तपासणीच्या गटांतल्या स्त्रियांची तपासणी एकदाच झाली होती. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरिअलनेच केलेल्या दुसऱ्या अभ्यासात, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी हीच आम्लाची तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा तोलायची असते ती एकटी चाचणी नव्हे. ती कोण करणार, किती वेळा करणार आणि दोष आढळल्यावर उपचार कुठे मिळणार, हे सगळे मिळून एक पर्याय होतो.

‘प्रतिबंध नेहमी पैसे वाचवतो’ हे वाक्य भाषणांत हमखास येते. काही लसींबाबत ते खरे आहे, पण बहुतेक प्रतिबंधक उपायांना निव्वळ जादा पैसे लागतात. धाराशिवच्या आकड्यांवरून ढोबळ हिशेब केला तर एचपीव्ही गटातल्या दर हजार स्त्रियांमागे आठ वर्षांत साधारण एक मृत्यू टळला. म्हणजे एका स्त्रीसाठी हजारजणींच्या तपासणीचा खर्च. तो करावा असे माझे स्पष्ट मत आहे. पण पैसे वाचतील या आशेवर नव्हे, बाई वाचते म्हणून.

माणसाच्या आयुष्याची किंमत लावली जाते, हा आक्षेपही नेहमीचा. प्रत्यक्षात मोजले जाते ते आयुष्याचे वर्ष आणि त्याचा दर्जा. पूर्ण आरोग्यात जगलेले वर्ष म्हणजे १, आजारात काढलेले वर्ष त्याहून कमी. किंमत डोकावते ती अशा एका वर्षासाठी सरकारने किती खर्च करावा हे ठरवताना. त्यासाठी दरडोई उत्पन्नाच्या एक ते तीन पटीचा ठोकताळा वर्षानुवर्षे वापरला गेला. केवळ त्यावरून निर्णय घेऊ नका, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीच पुढे सांगितले.

शेवटी जो आकडा हाती येतो तो अंतिम सत्य वाटतो, पण त्याच्या पोटात गृहीतके दडलेली असतात. पुढे मिळणारा लाभ आजच्या हिशेबात कमी धरतात; भारतात त्यासाठी सहसा वर्षाला ३ टक्के दर वापरतात. त्या दराने २५ वर्षांनी वाचणारे आयुष्याचे एक वर्ष आज अर्ध्याहूनही कमी भरते. दर ५ टक्के धरला तर जेमतेम ०.३. पूर्वतपासणीचा खर्च आज होतो आणि लाभ पुढच्या काही दशकांत, त्यामुळे तिला याचा मोठा फटका बसतो. म्हणून चांगला अभ्यास गृहीतके बदलून पुन्हा पुन्हा हिशेब करतो आणि निकाल कुठे डळमळतो ते उघड सांगतो. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ मध्ये अशा मूल्यमापनासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली. तिच्या अहवालांत हा भाग आधी वाचावा.

एक खर्च मात्र सहज निसटतो. हिशेब फक्त सरकारच्या तिजोरीचा मांडला, तर तपासणीसाठी तालुक्याला गेलेल्या बाईची बुडालेली मजुरी आणि एसटीचे भाडे त्यात येतच नाही. पण पुढची फेरी परवडली नाही तर ती उपचाराला येत नाही, आणि चाचणी वाया जाते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पूर्वतपासणीवर भारतासह पाच देशांसाठी केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत किफायतशीर ठरले ते पर्याय, ज्यांत स्त्रीला दवाखान्याच्या सर्वांत कमी फेऱ्या माराव्या लागत होत्या.