कोल्हापूरचे साहेब पुन्हा वर्गात

कोल्हापुरात व्यवस्थापन शिकवणारी संस्था निघाली 1976 साली. चार्टर्ड अकाउंटंट असलेल्या डॉ. ए. डी. शिंदे यांनी स्थापन केलेल्या छत्रपती शाहू इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस एज्युकेशन अँड रिसर्चचं लांबलचक नाव गावाने केव्हाच बाजूला ठेवलं. संस्था ‘सायबर’ झाली आणि तिच्याजवळचा चौक सायबर चौक झाला. कलकत्ता आणि अहमदाबाद इथल्या पहिल्या दोन आयआयएम 1961 च्या, शिवाजी विद्यापीठ 1962 चं. देशात या विषयाच्या राष्ट्रीय संस्था सुरू झाल्यावर पंधराच वर्षांत एका जिल्ह्याच्या गावाने तो विषय आपल्या दारात आणला होता. व्यवस्थापन शिक्षणाची गोष्ट सहसा मुंबई-पुण्यापासून सांगितली जाते, म्हणून कोल्हापूरची ही नोंद आधी करायला हवी.

त्याआधी इथे मॅनेजर घडत नव्हते असं मात्र नाही. राजर्षी शाहूंनी 1906 मध्ये कापड गिरणी उभारली तेव्हापासून या गावाला यंत्राचा लळा आहे. शिवाजी उद्यमनगरात लेथवर हात बसलेली मुलं पुढे स्वतःच्या शेडची मालक झाली. शेतीच्या पाण्यासाठी ऑइल इंजिनं बनू लागली, त्यांच्या कास्टिंगसाठी फाउंड्र्या निघाल्या, आणि विजेचे पंप आल्यावर इंजिनांची मागणी उतरली तेव्हा याच फाउंड्र्यांनी वाहन उद्योगाचं काम धरलं. एवढं मोठं वळण घेताना कुणाच्या हाताशी व्यवस्थापनाचं पुस्तक नव्हतं. मिस्त्रीचा सुपरवायझर व्हायचा, सुपरवायझरचा वर्क्स मॅनेजर, आणि हिशेबाची बाजू जुने दिवाणजी सांभाळायचे. माणूस कामातच वाढायचा. त्या पिढीची धमक कोणत्याही पदवीपेक्षा कमी मानता येणार नाही.

अडचण आली ती कारखाना एका माणसाच्या नजरेत मावेनासा झाल्यावर. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि नंतर कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत असा विस्तार होत गेला. 1991 नंतर गिऱ्हाईकाची भाषा बदलली. पुण्या-चेन्नईच्या वाहन कंपन्या आधी आयएसओचं प्रमाणपत्र मागू लागल्या. 1999 मध्ये वाहन उद्योगासाठी टीएस 16949 हे खास मानक आलं आणि त्याच्या ऑडिटसाठी येणारा माणूस रिजेक्शनचा आकडा तेवढा बघून परत जात नसे. प्रक्रिया कागदावर आहे का, माणसांचं प्रशिक्षण झालंय का, धोक्याचा अंदाज कोण बांधतो, हे तो विचारायचा. वीस वर्षं भट्टीपाशी उभ्या राहिलेल्या वर्क्स मॅनेजरला उत्तरं ठाऊक असायची, पण ती मांडायची कशी हे कुणी शिकवलेलं नसायचं. कोल्हापुरातल्या वरिष्ठ माणसाला पुन्हा वर्गात बसावंसं वाटू लागलं त्याची मुळं इथे आहेत.

नोकरी न सोडता व्यवस्थापन शिकवण्याची कल्पना त्याहून बरीच जुनी. शिकागो विद्यापीठाने 1943 मध्ये, ऐन महायुद्धात, कामावर असलेल्या अधिकाऱ्यांसाठी एमबीएचा वेगळा वर्ग सुरू केला. जगातला पहिला एक्झिक्युटिव्ह एमबीए तो हाच. अनुभवी माणसं कारखान्यातून काढून घेणं परवडणारं नव्हतं आणि त्यांना शिकवणं तर निकडीचं होतं. आज ‘ईएमबीए’ या नावाखाली जे काही विकलं जातं, ते पारखायला ही मूळ गरज लक्षात ठेवावी.

महाराष्ट्रात ही सोय नोकरदारांपर्यंत पोचली ती संध्याकाळच्या वर्गांमधून. मुंबईत 1965 मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्याने जमनालाल बजाज संस्था सुरू झाली, आणि तिथले तीन वर्षांचे अर्धवेळ अभ्यासक्रम कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांच्या चांगलेच ओळखीचे झाले. जिल्ह्याच्या गावांमध्ये ‘डीबीएम’ ही व्यवस्थापनाची पदविका लोकप्रिय होती. बढतीच्या अर्जात एक ओळ वाढायची आणि ताळेबंद वाचता यायचा. त्या काळी तेवढ्यावर बरंच भागत असे.

पुण्याच्या सिंबायोसिसचं मूळ शोधायला गेलं तर ते याच जिल्ह्यात सापडतं. डॉ. शां. ब. मुजुमदार गडहिंग्लजचे. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या या प्राध्यापकांनी परदेशी विद्यार्थ्यांबद्दलच्या आस्थेपोटी 1971 मध्ये सिंबायोसिस सुरू केली, 1978 मध्ये तिची व्यवस्थापन संस्था निघाली आणि 2001 मध्ये दूरशिक्षण केंद्र. टपालाने येणारी पुस्तकं आणि परीक्षा केंद्रावरचा पेपर, एवढ्यावर व्यवस्थापनाची पदविका मिळू लागली. गडहिंग्लजच्या माणसाने पुण्यात उभं केलेलं शिक्षण अशा रीतीने गडहिंग्लजपर्यंत परत आलं.

दूरशिक्षणाने एक दार उघडलं, पण वर्गातली सर्वांत मोलाची गोष्ट त्यात निसटली. चाळीस वर्षांचा माणूस प्राध्यापकाकडून जेवढं शिकतो तेवढंच शेजारच्या बाकावरच्या माणसाकडूनही शिकतो. फाउंड्रीतला प्लँट हेड बँकेतल्या विभागीय व्यवस्थापकाशेजारी बसतो तेव्हा खेळत्या भांडवलाकडे बँक कशी बघते हे त्याला पहिल्यांदा नीट कळतं. पुस्तकाच्या पार्सलमधून हा शेजार येत नाही.

याच काळात एक धोकाही वाढला. छत्तीसगडमध्ये 2002 च्या कायद्याचा आधार घेऊन शंभरावर खासगी विद्यापीठं कागदावर उभी राहिली. प्रा. यशपाल न्यायालयात गेले आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. पुढे पानभर जाहिराती देणाऱ्या आयआयपीएम या संस्थेला 2014 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एमबीए, बीबीए हे शब्द वापरायला मनाई केली. ही प्रकरणं कोल्हापूरपासून लांब घडली, तरी त्यातला धडा इथल्या प्रत्येक उमेदवाराच्या कामाचा आहे. प्रवेशापूर्वी यूजीसी आणि एआयसीटीईची मान्यता स्वतः तपासावी. माहितीपत्रकावरच्या चिन्हांवर भरवसा ठेवू नये.

सहसा कुणी बोलत नाही अशी आणखी एक भिंत कोल्हापुरात आहे. इथले कितीतरी वर्क्स मॅनेजर आयटीआय किंवा डिप्लोमा करून वर आलेले. पन्नास कोटींचा कारखाना चालवण्याइतका अनुभव असतो, पण पदवी नसल्याने एमबीएच्या अर्जाच्या पहिल्याच रकान्यात अडतं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने 1989 पासून अशा लोकांसाठी वाट करून दिली. नोकरी सांभाळून आधी पदवी घ्यायची आणि मग व्यवस्थापनाकडे वळायचं, हा रस्ता लांबचा आहे, पण पक्का आहे. तो धरणाऱ्यांचं कौतुक व्हायला हवं तेवढं झालेलं नाही.

सहकाराची वाट याहून निराळी. या जिल्ह्यात वरिष्ठ व्यवस्थापक म्हणजे अनेकदा साखर कारखान्याचा कार्यकारी संचालक किंवा दूध संघाचा अधिकारी. गोकुळ दूध संघ 1963 चा. पुण्याची वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आणि मांजरीची वसंतदादा साखर संस्था ही या मंडळींची खरी विद्यापीठं. कार्यकारी संचालक व्हायचं तर साखर आयुक्तालयाच्या पॅनेलवर नाव लागावं लागतं आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. निवडून आलेलं संचालक मंडळ, उसाचा दर, गाळपाचा हंगाम आणि बँकेचं कर्ज या चौघांना एकाच वेळी सांभाळायचं कसं, हे महानगरातल्या ईएमबीएच्या वर्गात क्वचितच शिकवलं जातं. ज्याला सहकारातच पुढे जायचं आहे त्याने मोठ्या नावाच्या मागे लागून लाखो रुपये घालण्याआधी हे जरूर तपासावं.

मग रस्ता आला. सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पात पुणे-बेंगळुरू महामार्ग चौपदरी झाला आणि कोल्हापूर-पुणे हे सुमारे 230 किलोमीटरचं अंतर शनिवार-रविवारच्या बॅचच्या आवाक्यात आलं. शनिवारी पहाटे निघायचं, दोन दिवस वर्ग करायचे आणि रविवारी रात्री परतून सोमवारी पहिल्या शिफ्टला हजर व्हायचं, हा क्रम जमू लागला. या वेळापत्रकाची किंमत घरचे लोक मोजतात. आईवडिलांचं आजारपण, मुलांची दहावी, बायकोची नोकरी हे सगळं याच वयात अंगावर येतं. म्हणून निवड करताना फीच्या आकड्याइतकंच गांभीर्याने घरच्यांशी बोलायला हवं.

आयआयएमनीही याच सुमारास नोकरदारांकडे वळून पाहिलं. बेंगळुरूच्या आयआयएमने 1998 मध्ये सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या नोकरदारांसाठी अभ्यासक्रम सुरू केला. कोझिकोडच्या आयआयएमने या शतकाच्या सुरुवातीलाच संवादी दूरशिक्षण आणलं, ज्यात शिक्षक एका ठिकाणी आणि विद्यार्थी वेगवेगळ्या शहरांतल्या स्टुडिओत बसत. अहमदाबादचा ‘पीजीपीएक्स’ 2006 चा. त्यात किमान चार वर्षांचा अनुभव लागतो, वर्षभर कॅम्पसवर राहावं लागतं आणि फी आता तीस लाखांच्या पुढे गेली आहे. तिशीतल्या माणसाला क्षेत्र बदलायचं असेल तर तो उत्तम. चाळिशीतल्या प्लँट हेडला त्यासाठी राजीनामा द्यावा लागतो आणि कौटुंबिक उद्योग चालवणाऱ्याला वर्षभर दुकान दुसऱ्याच्या हाती सोपवावं लागतं. या दोघांसाठी अर्धवेळ अभ्यासक्रमच योग्य ठरतो.

महाराष्ट्रात 2015 पर्यंत एकही आयआयएम नव्हती. त्या वर्षी नागपूरची निघाली. पवईतल्या 1963 च्या ‘नीटी’चं 2023 मध्ये आयआयएम मुंबईत रूपांतर झालं. औद्योगिक अभियांत्रिकी आणि ऑपरेशन्स हे या संस्थेचं जुनं बलस्थान, त्यामुळे भट्टी, साचा आणि डिस्पॅच यांत आयुष्य घालवणाऱ्या कोल्हापूरकराने तिच्या कार्यक्रमांकडे आधी पाहावं. दरम्यान 2017 चा आयआयएम कायदा 31 जानेवारी 2018 पासून लागू झाला आणि या संस्थांना पदवी देण्याचा अधिकार मिळाला. तोवर त्या पदविका देत होत्या. आजही एकाच संस्थेत एका अभ्यासक्रमाला एमबीएची पदवी मिळते, दुसऱ्याला पदविका आणि तिसऱ्याला नुसतं प्रमाणपत्र. तिन्हींच्या नावात ‘एक्झिक्युटिव्ह’ असू शकतं. शेवटी हातात कोणता कागद पडणार, हे लेखी विचारून घ्यावं.

2020 च्या टाळेबंदीने उरलेलं अंतरही पुसलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये यूजीसीने मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे नवे नियम आणले. त्यानंतर राजारामपुरीतल्या घरात बसून देशातल्या कोणत्याही नामवंत संस्थेचा वर्ग करणं शक्य झालं, आणि आधी दोन-तीन पर्यायांत भागणारी निवड डझनभर पर्यायांत अवघड होऊन बसली. प्रवास वाचला हे खरं. पण जो अभ्यासक्रम महिन्या-दोन महिन्यांतून काही दिवस तरी सर्वांना एकत्र बसवत नाही, त्यावर मोठी रक्कम खर्च करू नये. बॅचमध्ये कोण आहे, त्यांचा सरासरी अनुभव किती, आणि शेवटचा प्रकल्प स्वतःच्या कारखान्यावर करता येतो का, हे तीन प्रश्न देशभराच्या क्रमवारीपेक्षा जास्त कामाचे आहेत. आधीच्या बॅचच्या दोघा-तिघांना फोन केला तर उत्तरं मिळतात.

कारखान्यावरच्या प्रकल्पाचा आग्रह धरायला कारण आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस वाहतूक ठप्प झाली. जुलै 2021 मध्ये तेच पुन्हा झालं. तयार कास्टिंग शेडमध्ये पडून, गिऱ्हाईकाची असेंब्ली लाइन वाट बघतेय, कामगारांच्या घरात पाणी आणि पगाराची तारीख तोंडावर. अशा वेळी साठा कुठे ठेवावा, करारात कोणतं कलम असावं, कामगारांना उचल किती द्यावी? पुरवठा साखळीचा याहून जिवंत धडा हार्वर्डच्या ग्रंथालयातही सहज मिळणार नाही. अहमदाबादच्या आयआयएमने हार्वर्डकडून केस पद्धत घेतली ती याचसाठी, की खऱ्या पेचात सापडलेल्या माणसाच्या जागी बसून निर्णय घेता यावा. कोल्हापूरचे पेच अजून पुरेसे लिहिले गेलेले नाहीत.

हे काम इथेच होऊ शकतं. सायबर आहे, शिवाजी विद्यापीठ आहे, 1983 पासूनचं केआयटी आहे, इचलकरंजीत 1982 पासूनची डीकेटीई आहे. दुसऱ्या बाजूला कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, गोशिमा आणि स्मॅक या उद्योजकांच्या संघटना आहेत. या सर्वांनी एकत्र बसून फाउंड्री, साखर, दूध आणि कापड या चार धंद्यांतल्या खऱ्या निर्णयांवर केसेस लिहून घ्याव्यात, निवृत्त वर्क्स मॅनेजरना वर्गात बोलवावं आणि त्या केसेस मराठीतही छापाव्यात. मालकांनी आपल्या वरिष्ठ माणसांना शिकायला शनिवार मोकळा द्यावा आणि फीचा काही भाग उचलावा. आणि ज्या वाचकाच्या टेबलावर यंदा प्रवेशाचा अर्ज पडून आहे, त्याने तो भरण्याआधी आपल्या कारखान्यातला वर्षानुवर्षं न सुटलेला एक प्रश्न कागदावर लिहावा आणि जी संस्था त्यावर काम करू देईल तिच्याकडेच अर्ज पाठवावा.