ग्वाल्हेरच्या अंगणातील 'फर'

स्मरणिकेसाठी दरवर्षी रक्तदाब किंवा मधुमेह यांवर लिहिणारा मी या खेपेस एका झाडाविषयी लिहीत आहे, याबद्दल सुज्ञ वाचकांनी क्षमा करावी. विषय मात्र निदानाचाच आहे. लश्करातील कित्येक घरांच्या फाटकाशी, समान अंतरावर फांद्यांची चक्रे मांडीत मजल्यामजल्याने वर चढणारे जे सदाहरित झाड दिसते, त्यास कोणी फर म्हणतात, कोणी पाइन, आणि बहुतेक लोक 'ख्रिसमस ट्री'. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते फरही नव्हे आणि पाइनही नव्हे.

खरा फर म्हणजे ॲबीज. तो हिमालयाचा रहिवासी. आपल्या मे महिन्यातील पंचेचाळीस अंशांत त्याचा निभाव लागत नाही. सिमला-मनालीच्या सहलीहून हौसेने आणलेली रोपे इथे पहिल्याच उन्हाळ्यात का दगावतात, याचे उत्तर यातच आहे. त्याची ओळख सोपी आहे. पान चपटे, सुईसारखे, एकेकटे. ते ओढून काढले की डहाळीवर गुळगुळीत गोल व्रण राहतो. शंकू फांदीवर ताठ उभे असतात आणि पिकले की झाडावरच विस्कटतात. स्प्रूसचे पान चौकोनी, बोटांत फिरवता येणारे, आणि त्याचे शंकू खाली लोंबतात. पाइनच्या सुया जुडीने येतात, चीडमध्ये तीन तर कैलमध्ये पाच. देवदाराचे शंकूही उभेच असतात, पण पानांचे झुबके दिसले की शंका फिटते.

या ठिकाणी आपल्या व्यवसायाशी संबंधित एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. खोकल्यावरील तालीसादि चूर्णातील तालीसपत्र म्हणजे हिमालयातील फरचीच पाने. परंतु बाजारात त्याच नावाखाली टॅक्सस अर्थात यू या वृक्षाची पानेही विकली गेली आहेत. दोन्ही पाने वाळल्यावर दिसायला सारखी. मात्र टॅक्ससमधील टॅक्सीन हे द्रव्य हृदयाच्या वहनसंस्थेवर घातक परिणाम करते. चुकलेली ओळख नेहमीच निरुपद्रवी नसते.

आता आपल्या फाटकावरील झाडाकडे वळू. ते अरौकेरिया. हे कुळ डायनोसॉरच्या काळापासूनचे, आणि आपली झाडे मूळची पॅसिफिक महासागरातील बेटांची. कॅप्टन कुकने १७७४ साली न्यू कॅलेडोनिया आणि नॉरफोक बेट येथे त्यांची उंच, सरळ खोडे पाहिली, तेव्हा त्याच्या मनात जहाजांच्या डोलकाठ्या आल्या. रोपवाटिकेत बहुधा 'नॉरफोक पाइन' असे नाव सांगितले जाते. प्रत्यक्षात आपल्याकडील बरीच झाडे त्याच्या भावंडाची, म्हणजे न्यू कॅलेडोनियातील कुक पाइनची असतात. बाल्यावस्थेत दोघांत भेद करणे तज्ज्ञांसही कठीण जाते. मोठेपणी कुक पाइन खांबासारखा अरुंद होतो आणि एका बाजूस झुकतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच खंडांतील २५६ झाडे मोजली गेली. उत्तर गोलार्धातील झाडे दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धातील उत्तरेकडे, म्हणजे बहुतेक सारी विषुववृत्ताकडे कललेली आढळली. सरासरी कल साडेआठ अंश. तेव्हा झाड वाकडे झाले म्हणून माळ्यास दोष देण्यापूर्वी दिशा पाहून घ्यावी.

लागवडीस पावसाळ्याचा आरंभ उत्तम. माती निचऱ्याची हवी. वाळू आणि पानखत सढळ हाताने मिसळावे. वरची दोन बोटे माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे, कारण हे झाड तहानेपेक्षा मुळाशी साचलेल्या पाण्याने अधिक मरते. पहिले दोन-तीन उन्हाळे लूपासून आडोसा आणि दुपारी सावली आवश्यक. कुंडीतील रोप आठवड्यास थोडे फिरवावे. खालची फांदी एकदा वाळली की तिच्या जागी सहसा नवी येत नाही. विजेच्या तारांखाली तर ते लावूच नये. कुंडीतले हे बाळ पुढे चार मजल्यांच्या वर जाते. ज्यांना एवढी निगा नको, त्यांनी मोरपंखी लावावी. लहानपणी 'विद्या' म्हणून पुस्तकात ठेवलेली पाने तिचीच!

माझे स्वतःचे अज्ञान मला महागात पडले. वैद्यकीय शिक्षणात ज्यांनी मला रुग्णाच्या पोटावर हात ठेवायला शिकवले, त्या गुरुजींच्या बंगल्यात असे एक जुने झाड होते. त्यांच्या पश्चात जागा विकली गेली आणि झाड तोडायचे ठरले. आदल्या दिवशी मी हाताला आलेल्या बाजूच्या फांदीची कलमे करून आणली. पाचांपैकी एक जगले. वर्षभर मी काठीचा आधार देऊन ते उभे करीत राहिलो; ते पुनःपुन्हा आडवेच वाढे. पुढे वाचनात आले की अरौकेरियाची बाजूची फांदी मूळ धरूनही आयुष्यभर फांदीच राहते. सरळ वृक्ष हवा असेल तर कलम शेंड्याचेच घ्यावे लागते. मजूर दोर बांधून शेंड्यापर्यंत चढला होता, आणि मी खाली उभा होतो. त्याला एक शब्द सांगितला असता तर पुरे होते.

ते रोप आता दवाखान्याच्या पायरीशी रुंद कुंडीत आहे. उंची गुडघ्याइतकी, पसारा मात्र चार फुटांचा. काठी मी केव्हाच काढून टाकली. रुग्ण विचारतात, "डॉक्टरसाहेब, हे पडले आहे का?" मी त्यांना सांगतो की नाही, ते असेच वाढते, आणि त्यास धक्का न लावता आत या.