बाहेरून आलेले करिंथकर

नगरांच्या पाऊलखुणा : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण अथेन्समध्ये होतो. तिथून पश्चिमेला निघालं की साधारण ८० किलोमीटरवर रस्ता एका पुलावर येतो. खाली डोकावलं तर जमीन उभी चिरलेली दिसते. दोन्ही बाजूंना कातळाच्या सरळसोट भिंती आणि तळाशी निळ्या पाण्याची पट्टी. हा करिंथचा कालवा. लांबी सव्वासहा किलोमीटर, रुंदी जेमतेम २०-२५ मीटर. तो १८९३ मध्ये खुला झाला, पण इथे कालवा खणावा हा विचार त्याआधी अडीच हजार वर्षं लोकांच्या डोक्यात घोळत होता.

का, ते नकाशा पाहिला की कळतं. ग्रीसचा उत्तरेकडचा मुख्य भाग आणि दक्षिणेचा पेलोपोनीज यांना एक चिंचोळी संयोगभूमी जोडते. पायी जाणाऱ्याला तिच्यावरून गेल्यावाचून गत्यंतर नाही. इटलीकडून आशियाकडे निघालेल्या जहाजाला ती टाळायची, तर दक्षिणेच्या मलेआ भूशिराला वळसा घालावा लागे. तिथले वारे इतके बदनाम, की मलेआला वळसा घालणाऱ्यानं घराची आशा सोडावी, अशा अर्थाची म्हणच पडली होती. या अडचणीवर करिंथ पोसलं. पश्चिमेच्या आखातावर लेखायन आणि पूर्वेच्या आखातावर किंख्रिया अशी दोन बंदरं त्याच्या हाती होती. इ.स.पू. ६०० च्या सुमारास, बहुधा पेरिआंडर या सत्ताधीशाच्या काळात, संयोगभूमीवर दगडी फरसबंदीचा एक मार्ग तयार झाला. नाव दिओल्कोस. माल आणि प्रसंगी हलकी जहाजंही गाड्यांवर चढवून या मार्गानं पलीकडच्या पाण्यात नेत. त्या दगडांतल्या चाकोऱ्या आजही दिसतात. ‘चाकोरी’ हा शब्द आपण सवयीनं वापरतो. इथे तो अक्षरशः दगडात पाहायला मिळतो.

चाकोरीतून पैसा आला आणि पैशातून देवळं. इ.स.पू. सहाव्या शतकातल्या अपोलोच्या मंदिराला ३८ खांब होते, प्रत्येक एकसंध दगडाचा. त्यांतले सात अजून उभे आहेत. मागे ५७५ मीटर उंचीचा अक्रोकरिंथ हा डोंगरी किल्ला. शहराचं सगळं वैभव एका नजरेत मावावं अशी ही जागा.

इ.स.पू. १४६ मध्ये हे सगळं संपलं. रोमविरुद्ध उठलेल्या ग्रीक संघाचा पराभव झाला आणि सेनापती मुम्मियसनं करिंथ धुळीला मिळवलं. पुरुषांची कत्तल झाली, बायका-मुलं गुलाम म्हणून विकली गेली. इतिहासकार पॉलिबियसनं त्या लुटीत पाहिलेलं एक दृश्य नोंदवलं आहे. नामांकित चित्रकारांची चित्रं जमिनीवर फेकलेली आणि रोमन शिपाई त्यांच्यावर सोंगट्या खेळत बसलेले. पुढची शंभर वर्षं शहर जवळजवळ ओसाडच राहिलं.

इ.स.पू. ४४ मध्ये जुलियस सीझरनं ते रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवलं. इथे पाठवलेले लोक बहुतेक गुलामगिरीतून सुटलेले होते. भूगोलवेत्ता स्ट्रॅबो सांगतो, की ढिगारे उपसताना त्यांना जुन्या कबरी लागल्या आणि त्यांतली काशाची व मातीची भांडी त्यांनी रोमच्या शौकिनांना विकली. दुसऱ्यांच्या पूर्वजांच्या कबरी उकरून या शहरानं भांडवल उभं केलं. इथे मिरवायला खानदान कुणाकडेच नव्हतं. मिरवायचं ते कमावलेलं.

याच शहरात इ.स. ५० च्या सुमारास ख्रिस्ताचा प्रेषित पौल आला. त्याला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे यहुदी जोडपं भेटलं. सम्राट क्लौद्यानं यहुद्यांना रोममधून बाहेर काढल्यामुळे तेही नुकतेच येऊन पडले होते. दोघांचा धंदा तंबूंचा, पौलाचाही तोच. तो त्यांच्याकडे राहिला, हातानं काम करत दीड वर्ष शिकवत राहिला. विरोधकांनी त्याला प्रांताधिकारी गल्लियोच्या न्यायासनासमोर उभं केलं. तत्त्वज्ञ सेनेकाचा हा भाऊ. तुमच्या धर्मशास्त्राच्या भांडणात मी पडत नाही, असं म्हणून त्यानं सगळ्यांना वाटेला लावलं. डेल्फी इथे सापडलेल्या एका शिलालेखात या गल्लियोचं नाव आहे आणि त्यातलं सम्राटाचं पत्र इ.स. ५२ च्या सुमाराचं ठरतं. पौलाच्या आयुष्यातल्या तारखा जुळवताना अभ्यासक याच दगडाचा आधार घेतात. करिंथच्या चौकातला न्यायासनाचा ओटाही उत्खननात वर आला आहे.

पुढे पौलानं इथल्या मंडळीला पत्रं लिहिली. ती वाचताना शहराचे रस्ते डोळ्यांपुढे येतात. जवळच्या इस्थमियाला दर दोन वर्षांनी खेळ भरत आणि विजेत्याला पाइनच्या किंवा अजमोदाच्या पानांचा मुकुट मिळे. पौल धावपटूचा आणि सुकून जाणाऱ्या मुकुटाचा दाखला देतो. बाजारातल्या मांसात देवळातल्या बळीचं मांसही असे, म्हणून ते खावं की नाही यावर वाद पेटला. पौलाचं उत्तर असं, की मूर्तीत काही नाही, पण तुमच्या खाण्यानं शेजाऱ्याचं मन अडखळत असेल तर खाऊ नका. शेजारून आलेल्या प्रसादाच्या वाटीपुढे क्षणभर थबकलेल्या आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांना हा प्रश्न परका वाटणार नाही. प्रभुभोजनाला श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, यावर तर पौल चांगलाच खडसावतो. मानपानाचा हा हव्यास नव्यानं वर आलेल्या शहराचाच होता.

त्याचा पुरावा नाट्यगृहाशेजारी सापडला. फरसबंदीतला चुनखडीचा दगड, त्यावर काशानं भरण्यासाठी कोरलेली वीतभर अक्षरं. एरास्त नावाच्या माणसानं नगराधिकाऱ्याचं पद मिळाल्याबद्दल ही फरशी स्वखर्चानं घातली, एवढाच मजकूर. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल शहराचा खजिनदार एरास्त याचा उल्लेख करतो. दोघे एकच की नावबंधू, यावर विद्वानांचं एकमत नाही. काशाची अक्षरं केव्हाच गेली. खाचा राहिल्या.

त्यानंतर भूकंप, स्वाऱ्या, तुर्की अंमल. १८५८ च्या भूकंपानंतर लोकांनी काही किलोमीटरवर समुद्रकाठी नवं करिंथ वसवलं आणि जुनं रिकामं झालेलं शहर १८९६ पासून अमेरिकन पुरातत्त्वज्ञांनी खणायला घेतलं.

मराठी बायबलनं या लोकांना ‘करिंथकर’ म्हटलं. पुणेकर, नाशिककर म्हणावं तसं. गंमत अशी, की त्यांतल्या बहुतेकांचे आजे-पणजे दुसरीकडचे होते. सुटलेले गुलाम, हाकललेले यहुदी, उतरलेले खलाशी. चाकोरीवरून आलेला माल पलीकडे निघून जाई. ही माणसं मात्र इथे राहिली, भांडली आणि या गावची ‘कर’ झाली.

त्यांच्या नावचं पहिलं पत्र पौलानं समुद्रापलीकडच्या इफिसातून पाठवलं. अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाही तोवर तिथेच बिऱ्हाड हलवून राहिले होते. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मागोमाग आपणही इफिसला जाऊ.