आयटीआयची इमारत महागते कशी?

वेल्डरच्या एका तुकडीला 80 चौरस मीटरची कार्यशाळा आणि 16 किलोवॅट वीज लागते. फिटरच्या तुकडीला जागा थोडी जास्त, 88 चौरस मीटर, पण वीज जेमतेम साडेतीन किलोवॅट. केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाने प्रत्येक व्यवसायासाठी असे माप ठरवून दिले आहे. ते माप भरले नाही तर तुकडीला संलग्नता मिळत नाही, आणि संलग्नता नसेल तर तुकडीच्या 20 जागांवर प्रवेश होत नाहीत. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या बांधकामाचा खर्च का वाढतो, हे शोधायला मी या दोन आकड्यांपासून सुरुवात करतो. कारण आपण आयटीआयची इमारत शाळेसारखी मोजतो, आणि ती शाळा नाही.

शाळेच्या वर्गाला चार भिंती, फळा, पंखे पुरतात. कार्यशाळेचे तसे नाही. लेथ बसवायचा तर त्याच्याखाली स्वतंत्र पाया हवा, नाहीतर थरथरणाऱ्या यंत्रावर अचूक जॉब होत नाही. वेल्डिंगच्या खोलीतला धूर बाहेर ओढावा लागतो. जमीन तेल, लोखंड आणि ओढाताण सोसणारी हवी. आठ-दहा व्यवसायांची संस्था असली की विजेचा भार एवढा होतो की स्वतःचे रोहित्र उभे करावे लागते. यातल्या प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो, आणि यातली बहुतेक पहिल्या अंदाजपत्रकात पूर्ण आलेली नसते.

ती का येत नाही? कारण इमारत आधी मंजूर होते आणि तिच्यात कोणते व्यवसाय चालणार हे मागाहून ठरते. नमुना आराखडा काढला जातो, क्षेत्रफळाला दर लावला जातो, प्रशासकीय मान्यता मिळते. मग कोणी म्हणते, विद्युत वाहनांचा व्यवसाय सुरू करू. कोणी म्हणते, सीएनसी यंत्रे येणार आहेत. पाया भरून झालेला असतो. वाढीव कामे सुरू होतात, फाइल पुन्हा वर जाते.

जागेचा प्रश्न त्याहून जुना. गावात जागा नसते म्हणून तालुक्याच्या आयटीआयला बहुधा गावाबाहेरचे गायरान मिळते. विदर्भ-मराठवाड्यात ते अनेकदा काळ्या मातीचे असते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. भक्कम मुरूम किंवा खडक लागेपर्यंत पाया बहुधा खाली न्यावा लागतो. खड्डे किती खोल जाणार हे खणल्यावर कळते, अंदाजपत्रक मात्र खणण्याआधी झालेले असते. मातीची चाचणी आधी करून घेणे ही काही मोठ्या खर्चाची गोष्ट नाही. माझ्या लेखी ती प्रशासकीय मान्यतेची अटच असायला हवी.

आता बाजाराकडे येऊ, कारण खर्च वाढला की पहिले बोट तिकडेच दाखवले जाते. त्यात तथ्य आहेच. जुलै 2021 मध्ये राज्याने गौण खनिजाचे स्वामित्वधन ब्रासला 400 रुपयांवरून 600 रुपये केले. खडी, मुरूम, वाळू सगळे त्यात आले. त्याच सुमारास पोलादाचे भाव इतके चढले की मे 2022 मध्ये केंद्राला पोलादावर 15 टक्के निर्यात शुल्क लावावे लागले. ते नोव्हेंबरात काढले. 18 जुलै 2022 पासून शासकीय बांधकामांच्या कंत्राटावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 18 टक्के झाला. हा शेवटचा बदल सामान्य वाचकाच्या लक्षात फारसा आला नाही. 10 कोटींच्या कामावर 1 कोटी 20 लाखांऐवजी 1 कोटी 80 लाख कर. एकही वीट न वाढता 60 लाखांचा फरक. सप्टेंबर 2025 मध्ये सिमेंटवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, हा दिलासा खरा, पण कंत्राटावरचे 18 टक्के तसेच आहेत.

तरीही बाजाराला मी मुख्य दोषी धरत नाही. साधे गणित करून पाहू. समजा एका आयटीआयचे मूळ काम 10 कोटींचे आहे. जुन्या 12 टक्के कराने ते 11 कोटी 20 लाखांना पडले असते. तेच काम चार वर्षे रखडले, भाव दरवर्षी सरासरी 6 टक्क्यांनी वाढले आणि मध्येच कर 18 टक्के झाला, तर बिल पावणेपंधरा कोटींच्याही पुढे जाते. जवळजवळ एक तृतीयांश वाढ. भाव 6 टक्क्यांनी वाढणार हे कोणालाही ठाऊक असते. महाग पडतात ती रखडलेली चार वर्षे.

ती वर्षे कुठे जातात, हे सार्वजनिक बांधकाम विभागाची फाइल एकदा हातात घेतलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा. अंदाजपत्रक ज्या वर्षीच्या दरसूचीवर बेतलेले, ते वर्ष तोवर मागे पडलेले. काही ठेकेदार काम मिळवण्यासाठी अंदाजित दरापेक्षा 20-25 टक्के कमी दर भरतात आणि जोत्यापर्यंत येऊन थांबतात, मग फेरनिविदा. 10 कोटींच्या कामाला अर्थसंकल्पात वर्षाला कोट-दीड कोटीची तरतूद ठेवली तर काम चालणार तरी कसे? ठेकेदाराचे धावते देयक अडकते, तो पुढच्या वेळी दर भरताना त्या उशिराचे व्याजही मनात धरून भरतो. मंजूर रकमेच्या वर खर्च गेला की सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे कार्यालयांतली ‘सुप्रमा’. ती येईपर्यंत सळया उघड्यावर गंजत असतात.

त्यातही विजेचे काम वेगळे. स्थापत्य एका शाखेकडे, विद्युत दुसऱ्या शाखेकडे, दोन अंदाजपत्रके, बहुधा दोन निविदा. इमारतीला रंग लागून होतो आणि महावितरणची जोडणी अजून बाकी असते. माझ्या तालुक्यातली आयटीआय मी अशीच पाहिली: नवी इमारत झगझगीत उभी, आणि मुले जुन्या भाड्याच्या गोदामात एका वेल्डिंग मशीनपुढे पाळी लावून उभी. शिल्प निदेशक फळ्यावर खडूने ठिणगीचे चित्र काढून समजावत होते. ते दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही.

पैसा अपुरा पडला की कात्री कुठे लागते, तेही पाहिले पाहिजे. दर्शनी भाग, प्रवेशद्वार, प्राचार्यांचे दालन यांना ती क्वचितच लागते. ती लागते धूर ओढणाऱ्या यंत्रणेला, यंत्रांच्या पायाला, मुलींच्या स्वच्छतागृहाला आणि वसतिगृहाला. लांबच्या वाडीवरून येणारी मुलगी वसतिगृहाविना दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन पुरा करू शकत नाही. कपात तिच्याच वाट्याला यावी, हे मला अन्यायाचे वाटते.

आयटीआय ज्या योजनेखाली चालतात ती शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना देशात 1950 मध्ये सुरू झाली आणि 1956 पासून संस्थांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. 2007-08 मध्ये केंद्राने 1,396 शासकीय आयटीआयांच्या उन्नतीची योजना आणली; प्रत्येक संस्थेला अडीच कोटींचे बिनव्याजी कर्ज. मे 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या नव्या योजनेचा आकडा 60,000 कोटी आहे आणि संस्था 1,000. त्यातून पाच राष्ट्रीय संस्थांचा खर्चही भागायचा आहे, तरी सरासरी संस्थेमागे 60 कोटींच्या घरात जाते. दोन्ही योजनांची व्याप्ती वेगळी, यंत्रे वेगळी, तुलना काट्यावर तोलून करता येणार नाही. पण रक्कम इतकी वाढलेली असताना कामाची रीत जुनीच राहिली, तर वाढीव पैशाचा मोठा वाटा उशीरच खाईल, अशी मला भीती वाटते. महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. आपल्यासाठी हा प्रश्न लांबचा नाही.

आणि एक खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात येत नाही. वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा. कार्यशाळा चार वर्षे उशिरा झाली तर एका तुकडीमागे 80 वेल्डर तयार झाले नाहीत. वेल्डरला आठवी पास मुलगाही प्रवेश घेऊ शकतो. शाळेने ज्याला बाहेर काढले त्याला हे एक दार उघडे असते. चार वर्षांनी इमारत पूर्ण होते तेव्हा तो कुठल्यातरी साइटवर पाट्या उचलत असतो. त्या बांधकामाच्या खर्चावर कामगार कल्याणाचा 1 टक्का उपकर कापला जातो, आणि तो स्वतः कदाचित त्याच कामगारांच्या यादीत असतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: आधी व्यवसाय ठरवा, मग माती तपासा, मग आराखडा काढा, स्थापत्य आणि विद्युत एकाच निविदेत आणा, आणि जेवढी तरतूद सलग देता येईल तेवढीच कामे हाती घ्या. दहा अर्धवट इमारतींपेक्षा चार पूर्ण कार्यशाळा मुलांच्या उपयोगाच्या.

तुमच्या तालुक्यात आयटीआयचे बांधकाम चालू असेल, तर माहिती अधिकारात तीन तारखा मागा: प्रशासकीय मान्यतेची, कार्यारंभ आदेशाची आणि वीजजोडणीची. सोबत मूळ व सुधारित रक्कम मागा. अर्ज 150 शब्दांत बसतो, शुल्क 10 रुपये आहे, आणि उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते.