आडनावच नव्हतं, तेव्हा माणूस ओळखायचे कसे?

परवा एका मित्राच्या फोनमध्ये नंबर शोधत होतो. 'सचिन' टाइप केलं तर सहा सचिन आले. सचिन गॅस, सचिन कॉलेज, सचिन नाशिक, सचिन उंच... आडनाव एकाचंही नाही. मला हसूच आलं. कारण मी त्याच आठवड्यात प्राचीन ज्यू समाजातल्या नावांबद्दल वाचत होतो, आणि ती मंडळी दोन हजार वर्षांपूर्वी अगदी हेच करत होती.

त्यांची अडचण मोठी होती, कारण सगळ्यांची नावं तीच तीच. ताल इलान या इस्रायली इतिहासकार बाईंनी जुने लेख, कागदपत्रं, अस्थिपेट्या धुंडाळून त्या काळातली नावं गोळा केली आहेत. पुरुषांमध्ये शिमोन आणि योसेफ यांची नुसती गर्दी. साधारण दर सहा पुरुषांमागे एक जण या दोघांपैकी! बायकांमध्ये तर मिर्याम आणि सलोमे, चारात एक तरी. हस्मोनी घराण्यातल्या भावांनी ग्रीक राजवटीविरुद्ध बंड केलं होतं. त्यातल्या शिमोन, यहुदा, योनाथान यांची नावं मग घरोघरी ठेवली जाऊ लागली.

मग ओळखायचं कसं? पहिला उपाय, बापाचं नाव. हिब्रूत 'बेन' म्हणजे मुलगा, 'बत' म्हणजे मुलगी. अरामी भाषेत मुलासाठी 'बार'. इतिहासकार जोसेफस माहीत असेल तुम्हाला. त्याचं खरं नाव योसेफ बेन मतित्याहू. पण गंमत बघा, त्याच्या बापाचं नाव मतित्याहू आणि सख्ख्या भावाचंही मतित्याहू! आता बोला.

म्हणून दुसरा उपाय, टोपणनाव. आणि ही मंडळी टोपणनाव ठेवताना कुणाची भीडभाड ठेवत नव्हती हां. जोसेफस स्वतःच्या खानदानाची वंशावळ मोठ्या अभिमानाने सांगतो, त्यात एक पूर्वज 'तोतरा' शिमोन आहे आणि एक 'कुबडा' मतित्याहू. यरीहो गावाजवळच्या एका थडग्यात एका कुटुंबाच्या अस्थिपेट्या सापडल्या. त्यांच्यावर टोपणनाव कोरलंय, 'गल्याथ'. तोच तो बायबलमधला राक्षसासारखा उंच योद्धा. घरात उंच माणसं असणार, दुसरं काय! काही टोपणनावं तर पुढच्या पिढ्यांनाही चिकटली. म्हणजे आडनावाचं बीज इथेच पडलं म्हणा ना.

गाव आणि धंदा हे आणखी दोन उपाय. मग्दालिया मरीया म्हणजे गालील सरोवराकाठच्या मग्दाला गावची मिर्याम. जेरुसलेमच्या एका अस्थिपेटीवर तर 'मंदिर बांधणारा शिमोन' असं लिहिलेलं सापडलं.

इथवर सगळं मजेचं. पण मला खरं थांबवलं ते घटस्फोटाच्या कागदाने. ज्यू कायद्यात नवरा बायकोला एक लेखी पत्र देतो, त्याला 'गेट' म्हणतात (दरवाजाचं नव्हे!). ते पत्र हातात पडल्याशिवाय ती दुसरं लग्न करू शकत नाही. आता समजा, नवऱ्याला यहुदियात एका नावाने ओळखतात आणि गालीलमध्ये दुसऱ्या. पत्रावर एकच नाव. उद्या कुणी म्हणालं, "हे पत्र तुझ्या नवऱ्याचं नाहीच," तर? ती बाई अडकली. नाव चुकलं त्याचं, आयुष्य टांगलं तिचं.

म्हणून पहिल्या शतकात रब्बान गमलीएल यांनी नियम केला: पत्रात 'अमुक माणूस आणि त्याची असतील ती सगळी नावं', 'अमुक बाई आणि तिची असतील ती सगळी नावं' असं लिहायचं. हा नियम 'मिश्ना' या ग्रंथात नोंदलेला आहे. मला तर हे आधार कार्डावरच्या नावाच्या भानगडीपेक्षा जास्त समजूतदार वाटलं.

नावाचं राजकारणही व्हायचं. इ.स. 132 ते 135 मध्ये रोमविरुद्ध लढलेला शिमोन. समर्थक म्हणायचे 'बार कोखबा', ताऱ्याचा पुत्र. बंड फसल्यावर रब्बींच्या लिखाणात तो झाला 'बार कोझिबा', खोटेपणाचा पुत्र! खरं नाव 1950 नंतर वाळवंटातल्या गुहांमध्ये त्याची पत्रं सापडली तेव्हा कळलं: बार कोसिबा. ना तारा, ना खोटेपणा.

युरोपातल्या बऱ्याच ज्यूंना कायमचं आडनाव घ्यावं लागलं ते सरकारी हुकमामुळे. ऑस्ट्रियात 1787 साली, फ्रान्समध्ये नेपोलियनच्या काळात 1808 साली. आपल्या कोकणातल्या ज्यूंनी मात्र इथलीच पद्धत उचलली. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे केहीमकर. पण त्यांच्या समाजाचं नाव बघा, 'बेने इस्रायल'. 'बेने' हे 'बेन'चंच अनेकवचन, म्हणजे इस्रायलची मुलं. आणि सिनेगॉगमध्ये तोरा वाचनासाठी पुढे बोलावताना आजही हाक येते ती 'अमुक बेन तमुक' अशीच. पेणकर, रोहेकर तिथे बाहेरच राहतात.

चला, भेटू पुढच्या भागात. आणि तुमच्या फोनमधलं सगळ्यात भारी सेव्ह केलेलं नाव मला नक्की कळवा!