घोड्याचं वय दातांत, वंश केसाच्या मुळाशी

मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते, आणि शहादा तालुक्यातलं तापीकाठचं हे गाव काही दिवस घोड्यांचं होऊन जातं. पंजाब, राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेश अशा सगळीकडून जनावर उतरतं. प्रत्येक दावणीवर दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात: घोडा इतक्या वर्षांचा आहे आणि अमुक खानदानाचा आहे. दोन्ही तपासता येतात, पण सारख्याच खात्रीनं नाही.

जुनी इलेक्ट्रिक गिटार घेणाऱ्या शौकिनाचं काम त्या मानानं सोपं. साठच्या दशकातल्या फेंडर गिटारची मान स्क्रू काढून सोडवली, की तिच्या बुडाशी बहुधा तारखेचा शिक्का सापडतो. घोड्यावर तारीख कुणी टाकत नाही. ती दातांवर आपोआप उमटते, आणि ती बदलून देणारे हातही बाजारात असतात.

दात बघताना घोड्याच्या डाव्या अंगाला उभं राहायचं. समोरचे दात आणि दाढा यांच्यामध्ये, जिथं लगाम बसतो, तिथं मोकळी हिरडी असते. तिथून बोटं सारली की घोडा तोंड उघडतो. समोर वर सहा आणि खाली सहा दात असतात. दुधाचे दात लहान, पांढरे, मुळाशी निमुळते. कायमचे मोठे, पिवळसर, उभ्या रेघांचे. मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास बदलते, तिच्या शेजारची साडेतीनला आणि कोपऱ्यातली साडेचारला. बैलासारखंच इथंही दोन दाती, चार दाती म्हणतात आणि पाचव्या वर्षी तोंड जुळतं. नराला चार-पाच वर्षांत सुळेही येतात. घोडीला बहुधा येत नाहीत, आले तर बारीक. इथवर जाणत्या माणसाचा अंदाज फारसा चुकत नाही.

पुढचा हिशेब झिजेचा. दाताच्या माथ्यावर एक काळा खळगा असतो. खालच्या मधल्या जोडीतला सहाव्या वर्षाच्या सुमारास बुजतो, शेजारचा सातव्या, कोपऱ्यातला आठव्या. त्यानंतर दाताचा माथा लांबट गोल असतो तो आधी गोल आणि मग त्रिकोणी होत जातो. बाजूनं पाहिलं तर तरुण घोड्याचे वरचे-खालचे दात जवळपास सरळ भिडतात, म्हाताऱ्याचे पुढं झुकतात. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर दहाव्या वर्षाच्या आसपास हिरडीपाशी एक उभी खाच दिसू लागते. ती पंधराव्या वर्षी निम्म्यावर येते आणि विसाव्या वर्षी टोकाला पोचते. एकोणिसाव्या शतकात सिडनी गॅल्व्हेन या घोडे शिकवणाऱ्यानं ही खूण गाजवली, म्हणून पुस्तकांत तिला त्याचंच नाव आहे. पण ती पंचांगासारखी वाचू नये. वाळूत चरणारा घोडा दात लवकर झिजवतो आणि लाकूड चावायची खोड असलेला तर विचित्रच झिजवतो. दहाच्या पुढं कुणी ठामपणे 'बारा वर्षं' म्हणाला तर त्याला दोन-तीन वर्षांची सूट द्यावी, शक्यतो वरच्या बाजूला.

लबाडी चालते ती इथंच. म्हाताऱ्या घोड्याच्या दातावर खळगा कोरून तो काळा करतात, म्हणजे तोंड सहा-सात वर्षांचं दिसतं. पण खऱ्या खळग्याभोवती कवचाचं पांढरं कडं असतं आणि कोरलेल्याला ते आणता येत नाही. शिवाय माथा त्रिकोणी, दात पुढं झुकलेले आणि खळगा मात्र कोवळा, असं तोंड स्वतःच चाडी खातं.

वंशाचं प्रकरण अधिक अवघड. टोकांशी आत वळून जुळणारे कान मारवाडीलाही असतात आणि काठियावाडीलाही, त्यामुळे नुसत्या कानांवर जात सांगणारा दलाल अर्धंच बोलतो. काठियावाडीचा चेहरा मधे किंचित खोलगट असतो, मारवाडीचा सरळ किंवा थोडा फुगीर. काठियावाडीत काळा रंग मानत नाहीत. तेव्हा काळाभोर घोडा 'शुद्ध काठियावाडी' म्हणून समोर आला तर पुढचे प्रश्न विचारायला हरकत नाही. पांढऱ्या घोड्याची कातडी पाहावी. नुकरा जन्मतःच पांढरा असतो आणि त्याची कातडी गुलाबी. गडद जन्मून वयाबरोबर पांढरा होत गेलेल्या घोड्याची कातडी काळीच राहते.

रंग आणि पट्टे रंगवता येतात, भोवरे येत नाहीत. गिऱ्हाईक भोवरे पाहतं ते शुभाशुभासाठी. गळ्यावरचा देवमण दिसला की भावही चढतो. शकुनाचं ज्याचं त्यानं पाहावं, पण भोवऱ्याची जागा जन्मभर बदलत नाही, म्हणूनच घोड्याच्या ओळखपत्रावरच्या आकृतीत पशुवैद्य ती मांडतात. कागद हाती आला की आधी आकृती आणि जनावर जुळवून पाहावं. चिप बसवलेली असेल तर ती बहुधा मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीखाली असते. यंत्र फिरवल्यावर दिसणारा १५ अंकी क्रमांक कागदावरच्याशी अंक न् अंक जुळला पाहिजे. बाजारातल्या सौद्याची पावती जपून ठेवावी, पण ती घोडा कुणी कुणाला विकला एवढंच सांगते, बाप कोण ते नाही. कोटींच्या भावांच्या बातम्या तर त्याहून कमी सांगतात. त्यातले बरेचसे आकडे मागितलेले असतात, मिळालेले नव्हेत.

बाप ठरवायचा तर डीएनए तपासणी हाच पक्का मार्ग. तीही चालते ती आईबापांचा नमुना तपासायला मिळणार असेल तरच. म्हणून विकणाऱ्याला नावाजलेल्या बापाचं नाव विचारण्याआधी त्याचा नमुना कुठल्या नोंदवहीत आहे ते विचारावं. उत्तर मिळालं तर मानेवरचे वीस-तीस केस बोटाला गुंडाळून झटक्यानं उपटावेत आणि कोरड्या कागदी पाकिटात ठेवावेत. केसाच्या टोकाला मुळाची गाठ दिसली पाहिजे. कात्रीनं कापलेले केस या कामाला उपयोगी पडत नाहीत.